मुळा नेमका कुणाचा भाऊ? आयटीएसचं झाड एक सांगतंय, क्लोरोप्लास्टचं दुसरंच

गंगापूररोडवाली

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एमएस्सी बॉटनी करतेय, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला विषय घेतलाय मोहरीच्या कुळातल्या आपल्या रोजच्या भाज्या, त्यांचं आपसातलं नातं डीएनएवरून काढायचं. घेताना वाटलं होतं सोपं आहे, आता झोप उडालीय.

नमुने असे: मोहरी आईच्या मिसळणाच्या डब्यातली, अळीव किराणा दुकानातले, मुळा आणि नवलकोल रविवार कारंजाजवळून आणलेलं सुटं बी, कोबी आणि फ्लॉवर हायब्रीड पाकिटातले. सगळं बाल्कनीत आइस्क्रीमच्या कपात उगवलं, कोवळ्या पानांतून सीटॅबने डीएनए काढला (बियांतून काढायला गेले तर नुसता तेलकट चिकट लगदा, दोन दिवस वाया). दोन ठिकाणचे तुकडे पीसीआरने वाढवून सिक्वेन्सिंगला बाहेर पाठवले, केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडा आणि क्लोरोप्लास्टमधलं मॅटके हे जनुक. काळी मोहरी म्हणजे ब्रॅसिका नायग्रा आणि सलगमची ब्रॅसिका रापा इथे बाजारात खात्रीची मिळेना म्हणून त्यांच्या सिक्वेन्स जेनबँक या सगळ्यांना खुल्या डीएनए-संग्रहातून उतरवल्या. अळीव आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी लांबचा नातेवाईक, धरला. मेगा या सॉफ्टवेअरमध्ये नात्यांचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढलं.

आता गोंधळ ऐका. क्लोरोप्लास्टच्या झाडात मुळा जाऊन बसला कोबी आणि सलगमच्या शेजारी. आयटीएसच्या झाडात तोच मुळा, तेच पान, तीच ट्यूब, तो कोबीला सोडून काळ्या मोहरीच्या फांदीवर. दोनदा केलं, तेच.

दुसरं म्हणजे डब्यातल्या मोहरीचं आयटीएस. काही ठिकाणी एकाच जागी दोन दोन पीक (आलेखातले उंचवटे), आणि एका ठिकाणापासून पुढे तर सगळी खिचडी. क्लोरोप्लास्टमध्ये मात्र तीच मोहरी एकदम स्वच्छ, सलगमला चिकटलेली.

गाईड म्हणतात नमुने अदलाबदल झाले असणार, परत कर. परत करायला पैसे आणि वेळ दोन्ही नाही, सबमिशन दीड महिन्यावर आलंय. खरंच माझं चुकलंय का? आणि नसेल चुकलं तर यातलं खरं झाड कुठलं धरू?

---

हर्बेरियमचा_उंदीर

ताई, आधी एक दीर्घ श्वास घे. नमुने अदलाबदल झाले असते तर दोन्ही झाडांत एकसारखी गडबड दिसली असती, एकाच ट्यूबमधला मुळा एका झाडात इकडे आणि दुसऱ्यात तिकडे असं झालं नसतं. मुळ्याने हा त्रास फक्त तुला दिलेला नाही, पंचवीसेक वर्षांपूर्वी लोकांनी हेच केलं तेव्हाही क्लोरोप्लास्टने मुळा रापा-ओलेरेसियाच्या (ओलेरेसिया म्हणजे कोबीची जात) घरात टाकला आणि आयटीएसने नायग्राच्या. तेव्हापासून वाद सुरू आहे की मुळा हा फार जुन्या काळी दोन घराण्यांच्या संकरातून आला असावा का. पुढे २०१४ पासून मुळ्याचे अख्खे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले तरी काही जनुकं इकडे ओढतात, काही तिकडे. तू बाल्कनीत आइस्क्रीमच्या कपात तेच परत काढलंस, मी तर म्हणेन शाबास.

कारण समजून घे. नाशिककर आहेस म्हणून तुमच्याकडचंच उदाहरण देतो. त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे आपल्या घराण्याच्या नामावळीच्या वह्या असतात ना, पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, सगळं लिहिलेलं. पण वही चालते आडनावाने, म्हणजे बापाच्या बाजूने. तुझ्या आजीच्या माहेरचं त्यात काही सापडायचं नाही, त्यासाठी दुसऱ्या गुरुजींची दुसरी वही काढावी लागते. क्लोरोप्लास्ट म्हणजे याच्या उलट वही, या झाडांत तो फक्त आईकडून येतो. कधीकाळी एखाद्या झाडावर परक्या घरचा पराग पडला आणि त्या संकराची संतती पुढे पिढ्यान् पिढ्या बापाच्याच जातीशी जुळत राहिली, तर केंद्रक हळूहळू बापाकडचं होतं पण क्लोरोप्लास्ट त्या जुन्या आईचाच राहतो. दोन्ही वह्या खऱ्या, फक्त एका माणसाच्या दोन बाजू सांगतात. त्यामुळे "खरं झाड कुठलं" याला उत्तर असं की एकही पूर्ण नाही.

संकर हे एकमेव कारण नाही बरं का. घराणी भराभर फुटली असतील तर पूर्वजाकडे एका जनुकाचे जे दोन-तीन नमुने होते ते लेकरांत कसेही वाटले जातात, आजीच्या बांगड्या कुठल्या नातीकडे जातील त्याचा आणि सख्ख्या-चुलत असण्याचा संबंध लागेलच असं नाही. एका जनुकावरून नातं ठरवणं म्हणजे एका बांगडीवरून ठरवणं.

मॅटकेबद्दल एक तक्रार मात्र आहे. इतक्या जवळच्या जातींत मॅटके फार हळू बदलतो, मोजक्याच जागी फरक मिळाले असतील. तुझी फांदी डीएनएच्या चार-पाच अक्षरांवर उभी असेल तर प्रबंधात तसं लिही. जेनबँकमध्ये या सगळ्यांचे अख्खे क्लोरोप्लास्ट जीनोम फुकट पडलेत, तेच उतरवून झाड काढ, एक पैसा लागणार नाही.

आता मोहरी. तुझ्या आईच्या डब्यातली मोहरी बहुतेक ब्रॅसिका जुन्सिया आहे, आपल्याकडे फोडणीत पडते ती हीच. आणि जुन्सियाला एक फांदी शोधायला जाणं हेच मुळात चूक, तिला दोन आहेत. १९३५ साली नागाहारू यू, कोरियन नाव वू जांग-चून, यांनी गुणसूत्रं मोजून आणि संकर करून दाखवलं होतं की तीन मूळ जाती आहेत, रापा १० जोड्या, नायग्रा ८ जोड्या, ओलेरेसिया ९ जोड्या, आणि त्यांच्या दोन-दोनच्या जुळणीतून बाकीच्या तीन झाल्या. रापा आणि नायग्रा मिळून जुन्सिया, १८ जोड्या. त्यालाच यू यांचा त्रिकोण म्हणतात. डीएनए वाचायची सोय नसताना नुसत्या सूक्ष्मदर्शकावर काढलेलं हे गणित, जुन्सियाचा जीनोम २०१६ ला वाचला गेला तेव्हा तसंच्या तसं निघालं.

म्हणजे तुझ्या मोहरीत आयटीएस दोन प्रकारचं असू शकतं, एक रापाकडून आणि एक नायग्राकडून, आणि सँगर पद्धतीने थेट वाचलं की दोन्ही एकावर एक छापले जातात. भेसळ आहे की खरंच दोन आहेत हे एका संध्याकाळी तपासता येईल. जिथे जिथे दोन पीक आहेत तिथे रापाचं आणि नायग्राचं अक्षर काय आहे ते शेजारी मांड. प्रत्येक ठिकाणी बरोब्बर ते दोनच निघाले तर भेसळ नाही. आणि खिचडी जिथून सुरू होते तिथे दोघींपैकी एकीत एखादं अक्षर कमी-जास्त असणार, त्यामुळे तिथून पुढे एक ओळ दुसरीवर घसरते. उलट्या बाजूने वाचलेला तुकडा बघ, त्यात खिचडी त्याच जागेच्या पलीकडे नाही तर अलीकडे दिसायला हवी.

मोहरी क्लोरोप्लास्टमध्ये सलगमला का चिकटली तेही यातच आलं, जुन्सियाची आई रापा आणि बाप नायग्रा. परत काहीही करू नकोस, हाच तुझा निकाल आहे.

---

निवृत्त_बॉटनी

वा, वाचून बरं वाटलं. मी पस्तीस वर्षं हे कुळ शिकवलं तेव्हा नाव क्रुसिफेरी होतं, चार पाकळ्यांचा क्रॉस, सहा पुंकेसर त्यातले चार लांब दोन आखूड, आणि फळ लांब शेंग की आखूड चपटी डबी एवढ्यावर पोरं पास व्हायची. फूल सगळ्यांचं इतकं सारखं की ओळखायला फळच हाताशी. १९३६ ला शुल्त्स यांनी बांधलेली उपकुळांच्या खालची ट्राइबची रचना बरीचशी फळावरच उभी होती. डीएनए आल्यावर तीच सगळ्यात आधी कोसळली, कारण शेंगेची डबी होणं आणि डबीची पुन्हा शेंग होणं या कुळात वेगवेगळ्या फांद्यांवर कितीतरी वेळा स्वतंत्रपणे झालेलं निघालं. २००६ मध्ये नव्याने २५ ट्राइब मांडल्या आणि आता ती संख्या पन्नासच्या पुढे गेलीय. मी शिकवलेलं अर्धं रद्दीत गेलं, त्याचं वाईट नाही वाटत, उलट मजा वाटते.

गंगापूररोडवाली, तू कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल तीन वेगळे नमुने घेतलेस, पण त्या तिघी एकच जात आहेत हे लक्षात असू दे, ओलेरेसिया. एकीचा शेंडा फुगवला, एकीचा फुलोरा, एकीचं खोड. दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आणि आयटीएसमध्ये जवळपास काहीच नाही. आणि काळी मोहरी नि डब्यातली मोहरी ओंजळीत घेतली तर धड वेगळी सांगता येत नाही आणि त्या दोन जाती. डोळ्यांवर कितपत विसंबायचं याचा याहून चांगला धडा वर्गात देता येत नाही.

आणखी एक, विषयाला सोडून नाही. अळीव आउटग्रुप म्हणून चालेल पण तो याच कुळातला. थोडं लांबचं घे, तुमच्याकडे पावसाळ्यात बांधावर तिळवण येते ना, पिवळ्या फुलांची चिकट, तिचं कुळ हे मोहरीच्या कुळाचं सख्खं शेजारी. पूर्वी तिला वरुणाच्या, म्हणजे वायवर्ण्याच्या कुळात टाकायचो, डीएनएने सांगितलं ती मोहरीच्या जास्त जवळची. त्याच गणात, म्हणजे कुळांच्या मोठ्या गटात, आणखी लांबवर शेवगा आणि पपई. पपईचं बी चावून बघ कधी, मोहरीसारखं झणझणतं, ते झणझणीत रसायन सगळ्या गणाचा जुना वारसा आहे.

---

गंगापूररोडवाली

तुम्हा दोघांचेही खूप खूप आभार. सर, पपईचं बी चावलं, तोंड वाकडं झालं पण पटलं 😄

काल रात्री बसून दोन पीकवाल्या सगळ्या जागा तपासल्या. दोन सोडून सगळीकडे बरोबर रापाचं एक आणि नायग्राचं एक अक्षर. त्या दोन जागी सिग्नलच घाणेरडा आहे त्यामुळे त्या सोडल्या. आणि उलटा तुकडा अगदी तसाच, खिचडी त्याच जागी पण दुसऱ्या बाजूने. मी खुर्चीतून उठून नाचले, आईला वाटलं नोकरी लागली.

आता प्रश्न असा की व्हायव्हात विचारणारच, "मग मुळ्याचा निकाल कसा लावणार?" जास्त जनुकं घ्या एवढं मला कळतं, पण कुठली आणि किती? आणि जास्त घेतली तर भांडणं पण जास्तच होणार ना?

---

हर्बेरियमचा_उंदीर

भांडणं जास्त होणारच, पण ती मोजता येतात, हा फरक. दोन साक्षीदार असले तर नुसतं तू-तू मी-मी, हजार असले तर साडेसातशे एक म्हणतायत आणि अडीचशे दुसरं, हे दिसतं (आकडे मनाचे आहेत हं, समजावण्यापुरते). प्रत्येक जनुकाचं वेगळं झाड काढायचं आणि मग ॲस्ट्रलसारखं सॉफ्टवेअर त्या सगळ्यांतून जातींचं झाड बांधतं. आणि मतभेद कसे विभागलेत त्यावरून कारण कळतं. आजीच्या बांगड्यांसारखं निव्वळ नशिबाचं वाटप असेल तर अल्पमतातले दोन पर्याय साधारण सारखे भरतात. एकच पर्याय जास्त फुगला तर संकराचा संशय घ्यायचा. हे एवढं नीट सांगितलंस तरी व्हायव्हा निघेल.

कुठली जनुकं, हा मात्र या कुळात खरा डोकेदुखीचा भाग. कोबी-मोहरी-मुळ्याच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम एकदा तिप्पट झाला होता. अरॅबिडॉप्सिस, याच कुळातली पण तिप्पट न झालेली छोटी वनस्पती, २००० साली जिचा जीनोम वनस्पतींत पहिल्यांदा पूर्ण वाचला ती, तिच्यात साधारण २७ हजार जनुकं. तिप्पट म्हणजे रापात ८० हजार हवीत, २०११ ला मोजली तर ४१ हजारांच्या आसपास. बाकीच्या प्रती गळून गेल्या, आणि गळताना सगळ्यांनी सारख्या गाळल्या असं नाही. मुळ्याने पहिली प्रत ठेवली आणि कोबीने तिसरी, तर तू त्यांची तुलना करशील तेव्हा सख्खे समजून चुलत मोजशील. म्हणून एकाच प्रतीत टिकलेली जनुकं शोधून घेतात, नाहीतर प्रती ओळखून वेगळ्या करतात. अर्धा वेळ यातच जातो, झाड काढायला एक रात्र पुरते.

प्रत्यक्षात अख्खे जीनोम वाचत बसत नाहीत, महाग पडतं. गळ टाकतात. हव्या त्या जनुकांना चिकटतील असे छोटे आरएनएचे तुकडे बनवायचे, डीएनएच्या द्रवात सोडायचे, त्यांना चिकटलेलं तेवढं चुंबकाने ओढून घ्यायचं, बाकी धुऊन टाकायचं आणि मग वाचायचं. याची गंमत म्हणजे हर्बेरियममधल्या शंभर वर्षं जुन्या वाळक्या पानावरही हे चालतं. तिथला डीएनए तुटून चुरा झालेला असतो पण मशीन तरी कुठे लांब वाचतं, दीडशे अक्षरांचे तुकडेच वाचतं. २०२३ मध्ये याच पद्धतीने हजारावर जनुकं घेऊन कुळातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रजातींचं, म्हणजे जीनसचं, झाड निघालं. त्यात इराण-अफगाणिस्तानाकडच्या दऱ्याखोऱ्यांतली कितीतरी झाडं आहेत जिथे आज जाऊन पानं तोडणं अवघड, ती आली कपाटांतून. म्हणून माझं टोपणनाव असं.

आणि हो, त्या झाडातही केंद्रकाचं आणि क्लोरोप्लास्टचं भांडण आहेच, काही फांद्या तर अगदी पायथ्याशी पटत नाहीत. गाईडना तेच दाखव.

---

गिरणारे_शिवार

तुमचं निम्मं डोक्यावरून गेलं पण वाचायला भारी वाटतंय. मी फ्लॉवर-कोबी लावतो. आम्हाला सांगतात की कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी लावा, चौकोनी ठिपक्याचा पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो, आणि खरंच घालतो, मोहरीच्या पानाची चाळण होते नि कोबी बरी राहते. माझा प्रश्न साधा आहे, मोहरी फुलावर येते, मधमाश्या ढिगाने असतात, तर ही मोहरी माझ्या फ्लॉवरशी क्रॉस होईल का? शेजारी म्हणतो फ्लॉवरला तिखट चव येईल.

---

बीजप्रक्रिया

दादा, शेजाऱ्याला चहा पाजा आणि सोडून द्या. तुम्ही फ्लॉवरचा गड्डा काढता तेव्हा त्याची फुलं उमललेलीच नसतात, तो गड्डा म्हणजे न उमललेला फुलोराच. क्रॉस झालाच तर त्याचा परिणाम पुढच्या बियांत, आणि तुम्ही बी धरत नाही. शिवाय मोहरी नि कोबीचा संकर शेतात आपोआप होणं फार अवघड, वर त्रिकोण सांगितलाय त्यात बघा, दोघींत एकही जीनोम सामाईक नाही. मोहरी आणि सलगम-सरसों यांचं जमतं त्यामानाने, रापा सामाईक आहे ना.

पतंगाचं मात्र नात्याशी थेट देणंघेणं आहे. मोहरीचा उग्र वास ज्या रसायनातून येतो त्याने बाकीचे किडे पळतात, हा पतंग त्याच वासाने घर शोधत येतो. त्याने आपल्या आधीच कुळ ओळखलंय, सिक्वेन्सिंग न करता.

मी मुळात आलो ते ताईंना एक सावध करायला. मी बरीच वर्षं भाजीपाला बियाणाच्या कामात काढली. तुम्ही कोबी-फ्लॉवरचं हायब्रीड पाकीट घेतलंय आणि मायटोकाँड्रियाचा तुकडा वापरला नाहीत हे नशीब समजा. हायब्रीड बी काढायला बहुतेकदा मादी ओळ नपुंसक घेतात, म्हणजे पराग न देणारी, आणि त्यासाठी जगभर वापरतात ती ओगुरा पद्धत. ओगुरा यांना तो गुण १९६८ मध्ये कशात सापडला? जपानी मुळ्यात! तो असतो मायटोकाँड्रियात. मुळ्यातून कोबीवर्गात आणला तेव्हा आधी मुळ्याचा क्लोरोप्लास्टही बरोबर आला आणि थंडीत पानं पिवळी पडायला लागली, मग १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये पेशी एकमेकींत मिसळून क्लोरोप्लास्ट परत ब्रॅसिकाचा बसवला, मायटोकाँड्रियात मुळ्याचा तो भाग तसाच ठेवून. तुमच्या पाकिटातला वाण त्यातला असेल आणि तुम्ही मायटोकाँड्रिया वाचला असतात तर कोबी मुळ्याची सख्खी बहीण निघाली असती, आणि ते नातं लाखो वर्षांपूर्वीचं नसून प्रयोगशाळेतलं असतं. नात्याचा अभ्यास करताना नमुना देशी, सुटा, नाहीतर रानटी घ्यावा, पाकिटातला नको.

आणि संकराचाच विषय निघालाय तर रशियात कारपेचेन्को यांनी १९२० च्या दशकात मुळा आणि कोबी खरंच क्रॉस करून दाखवला होता, १८ जोड्यांचं, बी धरणारं झाड. खाली मुळा आणि वर कोबी असं एका झाडाला मिळावं अशी आशा. निघालं उलटं, मुळे कोबीची आणि पाला मुळ्याचा 🙂

---

निवृत्त_बॉटनी

कारपेचेन्कोंची गोष्ट मी दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, सर, पाल्याची भाजी तरी झाली असती.

---

गंगापूररोडवाली

बीजप्रक्रिया सर, हायब्रीडचं हे कुणीच सांगितलं नव्हतं, प्रबंधात "मर्यादा" या भागात जसंच्या तसं टाकते.

अपडेट: अख्खे क्लोरोप्लास्ट जीनोम उतरवून माफ्टने जुळवले, आयक्यूट्रीने झाड काढलं, लॅपटॉप तापून पंख्यासारखा वाजत होता. मुळा क्लोरोप्लास्टमध्ये रापा-ओलेरेसियाकडेच, यावेळी भक्कम आधाराने. म्हणजे मॅटकेचं बरोबर होतं, फक्त पुरावा बारीक होता. आता दोन झाडं समोरासमोर छापून मधे रेघा ओढल्यात, मुळ्याची आणि मोहरीची रेघ तिरकी जाते, बाकी सरळ. गाईडनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग शीर्षकच मुळ्यावर ठेव." एवढंच.

गिरणारे दादा, तुमच्या बांधावर तिळवण असेल तर चार पानं हवीत, रविवारी येऊ का? आउटग्रुप बदलतेय. आणि बाल्कनीतला मुळा उपटायचा राहून गेला त्याला आता डिंगऱ्या लागल्यात, आई रोज विचारते भाजी करू का. नमुना आहे म्हणून थांबवलंय तिला, पण फार दिवस थांबेल असं वाटत नाही.

---

गिरणारे_शिवार

या की. पण तिळवण पावसाळ्यात, आत्ता थंडीत कुठली. विहिरीजवळ ओलीला एखादी उभी असेल तर फोटो टाकतो. डिंगऱ्या कोवळ्या आहेत तोवर खाऊन घ्या, जून झाल्या की नुसता चोथा.